रानाचा जीर्णोद्धार

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कोणी फार दिवसांनी भेटले की "काय, अगदी उंबराचे फूल झालात!" असे आपण म्हणतो. उंबराचे फूल कोणी पाहिलेले नसते, म्हणून हा वाक्प्रचार रूढ झाला. वास्तविक उंबराला फुले येतात आणि ती एकदोन नव्हे, एकेका उंबरात शेकड्यांनी येतात. परंतु ज्याला आपण फळ म्हणतो त्या गोळ्याच्या आतल्या अंगाला ती असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाहीत, एवढेच. जुन्या रानाचेही असेच आहे. पंचवीस वर्षांनी गावी आलेला माणूस राईकडे पाहून म्हणतो, "इथे काही बदलले नाही हो!" मधल्या काळात त्या राईने कितीतरी झाडे मातीत जिरवली आणि त्यांच्या जागी नवी उभी केली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मलाही ते ध्यानात आले नव्हते. ते कसे आले आणि आता ते लिहून काढण्याची निकड का वाटली, ते सांगते.

माझे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या डोंगरात आहे. आमच्या गावाला देवीची राई आहे. आपल्या महाविद्यालयातील पठारावरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगायचे तर देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. देव प्रत्येक गावचा निराळा, कुठे भैरोबा, कुठे वाघजाई, कुठे काळकाई. नेमही गावोगाव थोडे निराळे. पण मुख्य नेम एकच, की राईतील झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आमच्याकडे तर वाळलेली काटकीसुद्धा चुलीला आणत नाहीत. हा सगळा अडाणीपणाचा भाग आहे असे मानले जाई, त्या काळात म्हणजे १९७०नंतरच्या दशकात, डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांची पायी हिंडून पाहणी केली आणि सह्याद्रीचे मूळचे रान कसे होते याचे नमुने या रायांतच शिल्लक आहेत, हे शास्त्रीय नियतकालिकांतून जगापुढे मांडले.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून आमच्या डोंगरात आले. घरांची कौले व पत्रे गेले, हिरड्याची झाडे मोडली. बाळहिरडा विकून वर्षाचे मीठमिरची करणाऱ्या आमच्या लोकांना तो मोठाच घाव होता. त्याच दिवशी राईतला सर्वांत जुना रायवळ आंबा मुळासकट उपटून पडला. दोन माणसांच्या कवेत न मावणारे त्याचे खोड देवळाच्या मागे आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी गावची माणसे तिथे जमली. खोडाच्या फळ्या किती निघतील, किती पैसे येतील, याचा हिशेब सुरू झाला. माझे आबा (आजोबा) तेवढे म्हणाले, "तिची वस्तू तिच्या घरात पडली. आपून कोन उचलनार?" मग देवीला कौल लावला. कौल मिळाला नाही. खोड तिथेच राहिले.

टाळेबंदीमुळे शाळा बंद होती. मी चौदा वर्षांची होते. राईखालच्या झऱ्यावर पाणी भरायला रोज जाई, तेव्हा हंडा ठेवून त्या खोडापाशी थोडा वेळ बसू लागले. आज त्याला पाच वर्षे उलटून गेली. त्या पाच वर्षांत जे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांतून जे समजले, ते दोन्ही एकत्र करून पुढे मांडत आहे.

पहिला बदल झाला तो उजेडाचा. दाट रानात झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात आणि जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा शंभरातला एखादा-दुसराच भाग पोचतो. आंबा पडला तशी त्या छपराला खिंडार पडले आणि वर्षानुवर्षे ऊन न पाहिलेल्या जमिनीवर ऊन आले. माणसाच्या घराचे छप्पर उडाले तर ती आपत्ती असते. रानाच्या बाबतीत मात्र तिथूनच नव्या पिढीचे दिवस सुरू होतात.

ही नवी पिढी कुठून येते? रानाजवळ पुंजी असते आणि ती दोन प्रकारची असते. काही झाडे आपली पुंजी बियांच्या रूपाने मातीत ठेवतात. चांदाड्यासारख्या झाडांची बारीक बी पालापाचोळ्याखाली पडून राहते. वर दाट सावली असेपर्यंत ती उगवत नाही. पानांतून गाळून आलेला उजेड आणि उघडा उजेड यांतील फरक अशा काही बियांना कळतो, आणि ऊन जमिनीवर पडले की त्या रुजतात. आमच्या खिंडारात पहिल्या पावसानंतर हीच रोपे आली. त्यांची वाढ इतकी झपाट्याची की दुसऱ्या पावसाळ्यात ती माझ्या डोक्याच्या वर गेली. पण अशा झाडांचे लाकूड हलके असते, आयुष्य थोडे असते आणि त्यांच्या स्वतःच्याच सावलीत त्यांची पोरे वाढत नाहीत. ती येतात, उघड्या पडलेल्या जमिनीला सावली धरतात आणि काही वर्षांनी निघून जातात.

दुसरी पुंजी निराळी आहे. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही. काही आठवड्यांत रुजली नाही तर ती मरते. रायवळ आंब्याच्या कोयीचेही तेच. म्हणून ही झाडे बी साठवत नाहीत, रोपे साठवतात. जून महिन्यात फळ पिकते, पाऊस येतो, बी लगेच रुजते आणि झाडाखाली वीतभर रोपांचे दाट पाते उगवते. त्यांतली बहुतेक मरतात. जी उरतात ती अंधारात गुडघाभर उंचीची होऊन थांबतात. एखादे पान नवे, एखादे जुने गळाले, असे करीत ती वर्षानुवर्षे तेवढीच राहतात. आपल्याला वाटते, रोप खुरटले. ते खुरटलेले नसते, वाट पाहत असते. भीमाशंकर-महाबळेश्वरकडचे जुने रान मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचे. त्यांची मुले आईबापांच्या सावलीत अशीच थांबलेली असतात. आंबा पडल्यावर पहिली दोन वर्षे चांदाड्याने बाजी मारली खरी, पण त्याच्या खाली जांभळाची जी गुडघाभर रोपे आधीपासून होती ती हळूहळू सरळ झाली. आज त्यांतली तीन माझ्या खांद्याला लागतात. आणखी वीसतीस वर्षांनी त्या जागी चांदाडा नसेल, जांभूळ असेल.

आता पडलेल्या खोडाकडे वळू. ते मेले, आता त्याचा उपयोग सरपणापुरता, असे आपल्याला वाटते. परंतु उभ्या झाडाच्या लाकडातही बराचसा भाग मृत पेशींचाच असतो; जिवंत असतो तो मुख्यतः सालीलगतचा पातळ थर. उलट कुजणाऱ्या खोडाच्या कणाकणात कोणी ना कोणी राहत असते. पहिल्या वर्षी भुंगेऱ्यांनी साल पोखरली. त्यांच्या बिळांतून पाणी आत गेले आणि पाण्याबरोबर बुरशी गेली. लाकडाला कठीणपणा देणारे जे द्रव्य असते ते पचवणे फार थोड्या जीवांना साधते. काही बुरश्यांना ते साधते. त्यांचे पांढरे धागे लाकडात पसरतात आणि लाकूड भुसभुशीत होते. खोडावर जी छत्र्यांसारखी किंवा कानांसारखी अळंबी दिसते, ती त्या धाग्यांना आलेली फळे म्हणा. खरी बुरशी आत असते. पुन्हा उंबराच्या फुलाचीच गोष्ट!

पावसाळ्यातल्या एका रात्री आबांनी मला हाताला धरून राईच्या कडेपर्यंत नेले आणि बॅटरी विझवायला सांगितली. डोळे अंधाराला सरावल्यावर जमिनीवरच्या काही ओल्या काटक्या फिकट हिरव्या उजेडाने उजळलेल्या दिसल्या. "देवी फिरती," आबा म्हणाले. पुढे वाचनात आले की सह्याद्रीतील काही बुरश्या कुजके लाकूड खाताना स्वयंप्रकाशी होतात. काजव्याप्रमाणेच त्यांच्या शरीरातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि थंड उजेड पडतो. हे कळल्यावर आबांचे म्हणणे खोटे ठरले असे मला वाटले नाही. मेलेल्या लाकडातून उजेड निघतो, ही गोष्ट शास्त्राने सांगितली तरी तेवढीच नवलाची राहते.

वाळवीला आपण घराची वैरीण समजतो. रानात तीच मोठी कामकरी आहे. वारूळ करणाऱ्या आपल्याकडच्या वाळव्यांना लाकूड नीट पचत नाही, म्हणून त्या वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करतात. चघळलेला लाकूडपाला त्या बुरशीला घालायचा आणि बुरशीने मऊ केलेले अन्न आपण खायचे, असा त्यांचा व्यवहार आहे. पावसाळ्यात वारुळावर फुटणारी जी अळंबी आम्ही आवडीने खातो, ती त्याच शेतातली. वाळवीच्या मागून वाणी, गांडुळे, गोगलगायी येतात. गोगलगायींच्या मागून काजव्यांच्या अळ्या येतात. कारण त्या गोगलगायी खाऊन वाढतात. रोहिणी-मृगाच्या सुमारास झाडेच्या झाडे लुकलुकवणारा काजवा प्रौढपणी थोडेच दिवस जगतो. त्याचे बाकीचे आयुष्य ओल्या पाचोळ्यात, कुजक्या लाकडाच्या आडोशाला जाते. पाचोळा झाडून काढला तर वरचा उत्सवही बंद पडतो.

उभे वठलेले झाडही असेच उपयोगी. कुटुरगा पक्षी वठलेल्या फांदीत चोचीने भोक पाडून घरटे करतो. त्याने घर सोडले की ते दुसऱ्या पक्ष्याला मिळते. धनेशाला तर मोठी ढोलीच लागते. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, बारीक फट ठेवते आणि नर बाहेरून त्या फटीतून तिला फळे भरवतो. अशी ढोली तरण्या झाडाला नसते. झाड म्हातारे व्हावे लागते. म्हातारपणाचा एवढा उपयोग रान करून घेते.

बी पसरवणे हे आणखी एक काम. धनेश, बुलबुल यांसारखे पक्षी फळे खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. शेकरूही या कामात सामील आहे. शेकरू हा आपला राज्यप्राणी. त्याच्यासाठी भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. शेपटीसह सुमारे तीन फूट लांबीचा हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. म्हणून त्याला झाडाला झाड लागलेले रान हवे. मध्ये मोठे मैदान पडले की त्याची वाट तुटते.

या सगळ्यांना आडवेळी जगवतो तो उंबर. आणि उंबर जगतो तो एका चिलटाएवढ्या कीटकावर. परागकण घेऊन आलेली मादी उंबराच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. आत ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतील नरांना पंखच नसतात. ते बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि मरतात. त्या वाटेने तरण्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हाती एकदोन दिवस असतात. तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा उंबर सापडला पाहिजे. म्हणून परिसरातले सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत. आज हा तर उद्या तो. त्यामुळेच जेव्हा रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही पाखरांना उंबर मिळतो. यावरून हेही कळते की एकच उंबर राखून भागत नाही. रान राखायचे तर आसपासचे सगळे नाते राखावे लागते.

राहिले पाणी. राईतली जमीन पायाखाली गादीसारखी दबते. पाचोळा, कुजके लाकूड, मुळांनी आणि गांडुळांनी पाडलेली भोके यांमुळे पावसाचे पाणी धावत न सुटता आत मुरते. आमच्या गावातील विहिरी फाल्गुनात तळ गाठतात, राईखालचा झरा मात्र वैशाखातही करंगळीएवढा चालू असतो. हंडा भरायला वेळ लागतो, पण भरतो. आमच्या आयाबहिणींचे उन्हाळ्याचे जिणे त्या करंगळीवर अवलंबून आहे.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आता सांगते. गेल्या दिवाळीत गावची बैठक झाली. राईतल्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा, पुढे मोठा सभामंडप बांधायचा, भोवती फरशी घालायची, त्यासाठी मागचा 'झाडोरा' साफ करायचा आणि ते पडके खोड एकदाचे काढून टाकायचे, असा विचार निघाला. सांगणारी माणसे वाईट नाहीत. मुंबई-पुण्याला राबून पै पै जोडून त्यांनी वर्गणी दिली आहे. यात्रेला पाऊस आला तर म्हाताऱ्या माणसांना उभे राहायला जागा नसते, हेही खरे आहे. मी उठून बोलायला लागले. पण तोंडातून 'पर्यावरण', 'समतोल' असे निबंधातले शब्द बाहेर पडले आणि लोक हसले. एक चुलते म्हणाले, "पोरी, तिथं नुसता कुजका ओंडका पडलाय. नवं काय उगावलंय त्ये दाव की!" मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आणि नेमक्या वेळी माझ्या शिक्षणाला आमच्या गावाशी बोलता आले नाही, याची लाज वाटली. आबांनी जे एका वाक्यात सांगितले होते ते मला सांगता येईना.

या लेखात लिहिले ते चुलत्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

त्यात एक गोष्ट जोडली पाहिजे. एक झाड पडले तर रान ते खिंडार आपले आपण बुजवते, हे वर सांगितले. मग थोडे रान साफ केले तर तेही आपोआप बुजेल, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. एका झाडाच्या जागेला चहूबाजूंनी सावली असते, जमिनीत ओल असते, थांबलेली रोपे तशीच उभी असतात. मोठी जागा मोकळी केली की ऊन-वारा आतपर्यंत शिरतो, ओल उडते आणि रोपांची पुंजी तर साफसफाईतच गेलेली असते. मग तिथे घाणेरी आणि रानमोडी येतात. दोन्ही अमेरिकेतून इकडे आलेली झुडपे. ती एकदा माजली की त्यांच्याखाली जांभूळ-अंजनीला डोके वर काढणे कठीण जाते. आणि फरशीवर तर काहीच उगवत नाही. त्याऐवजी बाहेर खड्डे काढून शंभर रोपे लावू, असेही बैठकीत कोणी म्हणाले. लावावीत, अवश्य लावावीत. पण शंभर रोपे लावणे आणि शेकडो वर्षांचे रान राखणे ही एकमेकांच्या बदली घालण्याची कामे नव्हेत. रोप आपण लावू शकतो. म्हाताऱ्या झाडाची ढोली, कुजक्या खोडातली बुरशी आणि अंधारात थांबलेले गुडघाभर रोप आपल्याला लावता येत नाही.

माझी सूचना साधी आहे. मंडप अवश्य बांधावा, पण राईच्या हद्दीबाहेर, गावच्या बाजूला जुन्या पाराजवळ जागा आहे तिथे बांधावा. देवळाची गळती काढावी, पायऱ्या नीट कराव्यात. बाकी राईचा जीर्णोद्धार राई स्वतः करीतच आहे. त्याला वर्गणी लागत नाही. फक्त आपण मध्ये पडू नये एवढेच लागते.

चैत्रातल्या यात्रेआधी पुन्हा बैठक आहे. त्या वेळी मी हा लेख तिथे वाचून दाखवणार आहे. जिथे शब्द जड झाले असतील तिथे सोपे करून सांगेन. त्याहून बरे म्हणजे बैठकच अर्धा तास त्या खोडापाशी भरवावी, असे मी आबांना सुचवले आहे. आबांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. परवा मी त्यांना तिथे नेले. त्यांनी खोडावर हात फिरवला, तेव्हा लाकडाचा एक तुकडा हातात आला आणि चहाच्या भुकटीसारखा बोटांतून गळाला. मग त्यांचा हात खोडावरच्या एका रोपाला लागला. कोणत्या पाखराने तिथे बी टाकली देव जाणे. त्यांनी पान चुरगळून हुंगले.

"जांभूळ," ते म्हणाले, आणि पुढे काही न बोलता तिथेच बसले.